केराबाईचा धोतरा

“दिला. मीच दिला,” केराबाई म्हणाली. “लिवून घ्या.”

सोलापूरच्या सरकारी दवाखान्यातल्या त्या लांबट खोलीत खाटेवर तिचा नवरा बिरप्पा पडला होता. तोंड लालबुंद, ओठ सुकून चिरलेले, बुबुळं ताणून मोठी झालेली. हातानं तो हवेतलं काहीतरी वेचत होता आणि तिथं नसलेल्या मेंढरांना हाका घालत होता. दारात हवालदार होता. त्याच्या पुढं तिचा धाकटा दीर शिवप्पा, फडक्यात बांधलेला वरवंटा घेऊन.

“बगा सायेब, कबूल झाली! धोतरा वाटून पाजला. ह्यो बगा, वरवंट्याला अजून चिकटलाय. माज्या भावाला मारलं हिनं!”

केराबाईच्या मस्तकात तिडीक गेली. माझा भाऊ म्हणे!

आठ वर्षांपूर्वी साथीत बिरप्पाला झोपेचा ताप आला होता. तीन आठवडे गडी जागाच झाला नाही. मग उठला, मेंढरांमागं हिंडू लागला. पण वर्षाच्या आत अंग आखडायला लागलं. आधी उजवा हात, मग मान, मग पाय. बोलणं घशातच विरलं. शेवटी नुसता ओंडका. कुशीवर वळवायचं केराबाईनं, धुवायचं केराबाईनं. मुठी अशा आवळलेल्या की नखं रुतून तळव्यांना जखमा झाल्या. दिवसातून चार-पाच वेळा पोटऱ्यांत गोळे यायचे आणि तो गुरासारखा ओरडायचा. तेवढाच त्याचा आवाज उरला होता. मोहोळजवळच्या त्यांच्या वाडीत तो सगळ्यांना ऐकू जायचा. शिवप्पालाही. मेंढरं घेऊन तो दारावरूनच पुढं जायचा. “मला बगवत न्हाय,” म्हणायचा. नवऱ्याला सोलापूरला न्यायला तिनं दोनदा त्याची गाडी मागितली. दोन्ही वेळा बैलं दमलेली होती. आज मात्र बिरप्पाला निजवून आणि हवालदाराला बसवून तीच बैलं धावत आली होती.

“आट वर्सांत कितींदा उचललास रं ह्येस्नी?” ती ओरडली. “एक डाव तरी मूट उघडून तळवा पुसलास? आन आता भाऊ आटवला व्हय?”

“गप्प बसा दोघंही!” डॉक्टर म्हणाले. ते बिरप्पावर वाकले होते. त्यांनी त्याचा उजवा हात कोपरात दुमडला, सरळ केला, पुन्हा दुमडला.

“बाई, हा हात आधी असा वाकत होता?”

केराबाईनं बघितलं. रागाच्या भरात तिचं तिकडं लक्षच गेलं नव्हतं.

“न्हाय,” ती म्हणाली.

“आणि बोलत होते?”

“पाच वर्सं सबुद न्हाय.”

डॉक्टर बराच वेळ त्याच्या उघड्या तळव्याकडं बघत राहिले. मग हवालदाराला म्हणाले, “आत्ता कुणाला कुठं न्यायचं नाही. बाई इथंच राहतील.”

तिसऱ्या दिवशी बिरप्पाचा भ्रम उतरला. त्याबरोबर अंग पुन्हा ताठू लागलं. तेव्हा डॉक्टरांनी एक छोटी बाटली आणली आणि दिवसातून तीनदा मोजून थेंब द्यायला सुरुवात केली. का दिला, ते केराबाईला कुणी विचारलं नाही. तीही बोलली नाही. कोपऱ्यात बसून राहायची आणि शिवप्पा आला की भिंतीकडं तोंड फिरवायची.

नवव्या दिवशी बिरप्पा खाटेच्या कडेला उठून बसला. पेला स्वतःच्या हातात धरून पाणी प्याला. शिवप्पा ढसाढसा रडायला लागला. त्या रडण्याचाही केराबाईला संताप आला.

डॉक्टरांनी हवालदाराला बोलावलं, कागद पुढं ओढला.

“ह्या आजारावर सध्या विलायतेत जे औषध देतात, ते धोतऱ्याच्याच जातीच्या झाडापासून काढतात. ह्या बाटलीत तेच आहे. बाईंचं माप चुकलं, जिवावरच बेतलं होतं. पण दिलं ते औषधच. तसं मी लिहून देतो.” मग ते तिच्याकडं वळले. आवाज मऊ झाला. “बाई, नवऱ्याला तुम्ही वाचवलंत. हे औषध तुम्हाला सांगितलं कुणी?”

शिवप्पा पुढं झाला आणि तिच्या पायांवर वाकला. “चुकलं माजं, वैनी. तू देवमानूस हायेस.”

केराबाईनं पाय झटक्यानं मागं घेतले. आठ वर्षं दाबून धरलेलं सगळं एकदम वर आलं.

“कुनी सांगितलं न्हाय! औषद म्हनून दिलाच न्हवता मी. ह्ये वरडत हुते आन तुमी समदे कानावर हात ठिवून बसला हुता. गाडी दिली न्हाईस, मानूस धाडला न्हाईस. म्या एकलीनं किती ऐकायचं? सुटू देत एकदाचं म्हनून दिला. मराया दिला! लिवा आता काय लिवायचं ते.”

डॉक्टरांचा टाक कागदावर थबकला. शिवप्पा वाकलेला तसाच राहिला. हवालदार दारातून एक पाऊल आत आला.

खाटेवर बिरप्पानं सावकाश मान वळवली. जीभ अजून जड होती. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता.

“मला ठावं हुतं,” तो म्हणाला. “म्हनून तर गिळला.”