दोघांची जागा

"आन संडास कोन धुईन?" नानाजींनी तिसऱ्यांदा विचारले.

"आमीच, बाबा," रूपराव म्हणाला. "मी आन प्रेमदास. पाळीपाळीनं."

वर्ध्याजवळच्या नव्या ग्रामविद्यापीठाने रोहणा गावच्या दोन मुलांना प्रवेश देऊ केला होता. एक नानाजींचा रूपराव. दुसरा, गेल्या दसऱ्याला नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलेल्या लहानूचा प्रेमदास. दोघे आर्वीच्या शाळेत एका बाकावर बसून मॅट्रिक झालेले.

शिक्षण, राहणे, जेवण सगळे विद्यापीठाचे. बदल्यात तीन वर्षे एका खोलीत राहायचे, एका पंगतीत जेवायचे, झाडलोट करायची, मैल्याच्या पाट्या स्वतः उचलून खड्ड्यात टाकायच्या. आणखी एक अट होती. एका गावातून दोन वस्त्यांमधले दोघे यायचे. एकाने नकार दिला की दुसऱ्याचीही जागा गेली.

रूपरावला तिथे इंजिन शिकायचे होते, पंप शिकायचे होते. चार दिवस तो धड जेवला नव्हता.

"मायबाई," रूपरावची आई देवकाबाई चुलीपासून म्हणाल्या, "उद्या याले पोरगी कोन देईन?"

"मले कोनी पोरगी देऊ नका, पन जाऊ द्या!"

नानाजी उठून शेतात गेले.

दुपारी रूपरावने प्रेमदासला विहिरीपाशी गाठले. "बाबा मानत नाई लेका. माह्यापायी तुही जागा जाईन."

"माही फिकर नको करू."

"तुह्या घरी तं खुशी असन?"

"बाबा काई बोलतच नाई."

"खुशीनं वाचा बसली असन!" रूपराव हसला. प्रेमदासही हसला, पण जरा उशिरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी रूपराव खराटा घेऊन चावडीपुढे उभा राहिला. अंगण झाडले. मग मागची तुंबलेली नाली उपसायला घेतली. बघता बघता गाव जमले.

"दसऱ्याले लहानूनं खराटा टाकला, तवापासून आज चावडी झाडल्या गेली, बाप्पा!" दुकानदार ताराचंद ओरडला. "रूपराव, माह्या आंगनातही येजो!"

हशा पिकला. रूपरावने मान वर केली नाही. गुडघ्यापर्यंत चिखलात तो पाटी भरत राहिला.

एकाएकी हशा थांबला. गर्दीतून नानाजी पुढे येत होते.

ते नालीच्या काठावर थांबले. मुलाकडे पाहत राहिले. मग धोतर वर खोचले, भरलेली पाटी स्वतः उचलली आणि सगळ्यांच्या देखत उकिरड्यापर्यंत नेऊन रिती केली.

"पोराले लाज नाई वाटत, तं मले काऊन वाटन?" ते म्हणाले.

कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच. ताराचंदने स्वतःहून खराटा उचलला. रूपराव तसाच, चिखलाच्या पायांनी, आईला सांगायला पळत सुटला.

घरात धांदल उडाली. ट्रंक आली, सतरंजी आली. देवकाबाईंनी आधी डोळे पुसले, मग डबा भरून चिवडा केला. "त्या प्रेमदासच्याही वाटनीचा आहे," त्या म्हणाल्या. "एकटाच खाऊन टाकजो नोको."

रविवारी संध्याकाळी नानाजी मुलाला घेऊन लहानूच्या घरी निघाले. त्या उंबऱ्याच्या आत त्यांनी कधी पाय ठेवला नव्हता. मागे अर्धे गाव होते. ताराचंदने पेढ्यांचा पुडा धरला होता.

लहानूने बाज झटकून दिली. प्रेमदास दाराशी उभा राहिला. त्याची आई भागीरथा आतून चहा घेऊन आली आणि कप नानाजींसमोर ठेवून तशीच थांबली.

बाहेरची कुजबुज बंद झाली.

नानाजींनी कप उचलला. एक घोट घेतला. दुसरा घेतला. मग कप रिकामा करून खाली ठेवला.

अंगणात एकच गलका झाला. ताराचंदने पुडा फोडला. रूपरावचे डोळे भरून आले.

"लहानू, आता आपल्यात काई आडपडदा राह्यला नाई," नानाजी म्हणाले. "उद्या सकाळच्या गाडीनं दोघाही पोरांले मीच घेऊन जातो."

लहानूने हात जोडले.

"तुमी घरी आले, चहा घेतला, लई बरं वाटलं," तो म्हणाला. "पन नानाजी, ज्या कामातून सुटावं म्हनून पोराले शिकवलं, तेच काम शिकाले त्याले कालेजात धाडू काय?"