आरशाकडे पाठ

सकाळपासून माझ्या इंदिरानगरच्या स्टुडिओत डोहाळजेवणाच्या हिरव्या साड्याच येत होत्या. पाय भरून आले होते, कॅमेऱ्यातला रोलही संपत आला होता. शेवटची ज्योत्स्ना, सासूबरोबर आलेली. वेणीवरची फुलं फोटोत यावीत म्हणून तिला आरशाकडे पाठ करून स्टुलावर बसवलं.

ती स्थिर बसली होती. आरशातली तिची पाठ मात्र डुलत होती, मांडीवर मूल निजवताना बाई डुलते तशी.

मी डोळे चोळले. डुलणं चालूच.

"ताई, हलू नका."

"मी कुठं हलतेय, दादा?"

"हलू नका म्हटलं ना!" मी वैतागून आरशावरच खेकसलो.

आरशातली पाठ थांबली.

ज्योत्स्नानं दोन्ही हात पोटावर दाबले. "आई," ती सासूला म्हणाली, "बाळ आत्तापर्यंत लाथा मारत होतं. एकदम थांबलं हो."