अकराव्या प्रकरणाची प्रुफं

अकराव्या प्रकरणाच्या तिसऱ्या पानावर प्रेमलाचं लाल पेन थांबलं. त्या पानावर ती स्वतःच होती. नाव बदललेलं होतं, पण डाव्या भुवईवरचा व्रण तिचा, भरभर चालणं तिचं, हसताना तोंडावर हात धरणंही तिचंच. नायिका घरच्यांना न सांगता नोंदणी पद्धतीनं लग्न करणार, हे या एकट्या मैत्रिणीला ठाऊक होतं. आणि तिसऱ्या पानावर छापलं होतं, 'मत्सरानं पेटलेल्या तिनं त्याच दुपारी माझ्या वडिलांना गाठलं आणि सगळं सांगून टाकलं.'

तीन वाजले होते. पाच वाजता लेखिका स्वतः प्रुफं न्यायला येणार होती.

शनिवार पेठेतल्या या कचेरीत प्रेमला अठ्ठावीस वर्षं प्रुफं तपासत होती. प्रकाशक माधवरावांनी हे बाड मुद्दाम तिच्या टेबलावर आणून ठेवलं होतं. निशाताईंनी खास तुमचंच नाव सांगितलंय, असंही म्हणाले होते. निशा तिची कॉलेजमधली मैत्रीण. दोघी एकाच शहरात राहत असून एकतीस वर्षांत त्यांची गाठ पडली नव्हती. आता तिला उलगडलं. हे निशाला तिच्याकडूनच वाचून घ्यायचं होतं.

माधवरावांना प्रकरण फार आवडलं होतं. मैत्रिणीनं दगा दिला की कादंबरीत जीव येतो, एरवी ती बिचारी निरोप पोचवण्यापलीकडे करते काय, असं त्यांचं मत. त्यांचं फारसं चुकत नव्हतं. प्रेमलाच्या हाताखालून गेलेल्या कादंबऱ्यांतल्या मैत्रिणी एक तर चिठ्ठ्या पोचवायच्या, नाही तर मनातून जळायच्या. नायिकेचं लग्न झालं की त्यांचं कामच संपायचं. कावीळ झालेल्या मैत्रिणीच्या उशाशी बसून तिला सबंध अर्थशास्त्र मोठ्यानं वाचून दाखवणारी, आणि त्याच विषयात स्वतः नापास होणारी मुलगी तिला कुठल्याच पुस्तकात भेटली नाही. निशाला झाली होती ती कावीळ. तिनंही ते लिहिलं नव्हतं.

घडलं होतं वेगळंच. नोंदणीच्या अर्जाची प्रत निशाच्या आईला कपाट आवरताना सापडली. तिनंच ती नवऱ्याच्या हातात दिली. आठ दिवसांच्या आत निशाला नागपूरला उजवून टाकलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी निशाची आई, प्रेमलाच्या काकू, तिच्या घरी आल्या. निशाला प्रेमलाचाच संशय होता, आणि तो तसाच राहू दे, अशी त्यांनी हात धरून विनवणी केली. खरं कळलं तर पोरगी पुन्हा माहेरी पाऊल ठेवणार नाही. नवरा कसा निघेल सांगता येत नाही. वेळ आली तर तिनं जायचं कुणाकडे? प्रेमला तेव्हा बावीस वर्षांची होती. तिनं शब्द दिला.

आणि ती वेळ आलीच. तीन वर्षांत निशा अंगावरच्या कपड्यांनिशी परतली, ती आईकडे. वडील दार अडवून उभे होते. काकूंनी त्यांना बाजूला सारलं आणि लेकीला आत घेतलं. हे प्रेमलाला इतरांकडून कळलं. पुढे निशा शिकली, नोकरीला लागली, लिहू लागली. कोथरूडला घर झाल्यावर तिनं आईला स्वतःकडे आणलं. या कादंबरीची अर्पणपत्रिका एकाच शब्दाची होती : 'आईस'.

चार वाजले. प्रेमला त्या वाक्यावरच अडून होती. कॉलेजमधली निम्मी मंडळी हे पुस्तक वाचणार होती आणि तिला ओळखणार होती. तिची मुलगी पायल तर निशाच्या पुस्तकाची वाट बघत असे. आईच्या भुवईवरचा व्रण ती रोज बघत होती.

प्रेमलानं पट्टी ठेवली आणि ते वाक्य एका रेघेत खोडलं.

मग तिला काकू आठवल्या. आता चौऱ्याऐंशीच्या असतील. या वयात जेवणाचं ताट पुढे ठेवताना लेकीची नजर बदललेली दिसली, तर त्या काय करतील? तिनं खोडलेल्या वाक्याखाली एकेक करून टिंबं दिली आणि पान उलटलं.

पाचला निशा आली. केस पिकले होते, चष्मा आला होता. बसायला सांगितलं तरी ती बसली नाही. उभ्या उभ्याच तिनं थेट अकरावं प्रकरण काढलं.

"मजकुरात काही चुकलंय का?" तिनं विचारलं.

"ऱ्हस्व-दीर्घ चुकले होते. दुरुस्त केलेत."

निशाचं बोट तिसऱ्या पानावर थांबलं. "हे वाक्य खोडलेलं दिसतंय."

"चुकून खोडलं गेलं. खाली टिंबं दिलीत बघा. खोडलेलं वाक्य कायम ठेवा, असा त्याचा अर्थ."

"म्हणजे हे बरोबर आहे?"

"कादंबरी तुमची आहे," प्रेमला बाड बांधत म्हणाली. "खरंखोटं तुम्ही बघायचं. माझ्याकडे काना-मात्रा तेवढे."

निशानं तिच्या हातातली दोरी काढून घेतली. खुर्ची ओढून ती समोर बसली.

"आई दिवाळीत गेली, प्रेमला. जायच्या आधी तिनं मला सगळं सांगितलं. हे वाक्य निदान तू तरी खोडशील, म्हणून ठेवलं होतं गं मी."