तांब्याची तार

जीवनने स्पीकरची जुनी तार उपसली आणि टोक चाकूने खरवडलं. वरचा तांबडा मुलामा सुटला. आतून पांढरं ॲल्युमिनियम निघालं.

"म्हणतच होतो मी," तो बायकोला म्हणाला. "आवाज तारेतच अर्धा मरतो. पोरीच्या कानापर्यंत काय पोचणार?"

मयुरी भाकरी थापत होती.

दहा महिन्यांची रूपा स्पीकरकडे पाठ करून तारेच्या सालीशी खेळत होती. शेजारच्या प्रमिलाबाईंचा नातू तिच्याहून लहान, पण हाक मारली की मान वळवायचा. रूपा वळवत नव्हती. जीवनने आधी पिना घासल्या, मग पितळी कनेक्टर बसवले. दर वेळी दोष कुठे आहे ते तो मयुरीला पटवून सांगायचा. तिच्या मनात भलती शंका येऊ नये, एवढीच त्याची धडपड. आज कामावरून नशिराबादला परतताना त्याने जळगावात थांबून अस्सल तांब्याची जाड तार आणली होती.

त्याने ती जोडली आणि आवाज वाढवला. खोली भरून गेली. ढोलकीची थाप छातीत बसली, खिडकीच्या काचा थरथरल्या. भिंतीपलीकडे प्रमिलाबाईंचा नातू दचकून रडायला लागला.

रूपा साल चघळत बसली होती.

जीवनचा हात पुन्हा बटणाकडे गेला. पिठाच्या हातांनीच मयुरीने तो धरला आणि गाणं बंद केलं.

"ही तारही खोटी दिली असेल," तो म्हणाला. "उद्या बदलून आणतो."

"तार चांगली शे." एरवी ती त्याच्याशी शाळेतलं मराठी बोलायची. शिंदखेड्याची, माहेरची बोली तिच्या तोंडी रडू दाबतानाच यायची. "पहिली बी चांगलीच व्हती."

तो तिच्याकडे वळला. "तुला माहीत होतं?"

"बारशाला माझ्या हातून पाळण्याजवळ परात पडली. साऱ्या बायका दचकल्या. ही झोपलेलीच. मग मी रोज पाडून बघितली, तुम्ही कामावर गेल्यावर."

"मग बोलली का नाहीस?"

मयुरीने रूपाला उचलून छातीशी धरलं.

"रोज घरी आल्या आल्या, चप्पल काढायच्या आधी तुम्ही तिच्यासाठी गाणं लावायचे," ती म्हणाली. "ते बंद पडलं असतं."