माळकऱ्याचं घर

या माय-बापहो, जरा जवळ सरका. हरणाबाईची गोष्ट सांगतो, लढाईच्या सालातली. मिरजेच्या दवाखान्यात जायचं, परत येण्याचा भरवसा नाही, म्हणून म्हातारी आपला पांढरा ससा पदराखाली घेऊन औंधभर घर शोधत फिरली. जो तो सशाचं वजनच बघे!

"आजी, मसाला बी आणलाय व्हय?"

शेवटी तुळशीची माळ घातलेला, मांसाला न शिवणारा नाथाजी भेटला, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

"आवं आजी, हाक काय मारू ह्याला?"

"नाव न्हाई ठेवलं, लेकरा. घरात बोललं की त्योच बघायचा. दुसरं व्हतंच कोण?"

देवापुढं हात जोडाल तेव्हा त्या माउलीची आठवण असू द्या.