खर्ज कुणाचा भारी

ईट गावात तेव्हा रेडिओ दोनच होते, एक महारुद्ररावांचा आणि एक बलभीमरावांचा. कुणाच्या रेडिओचा खर्ज भारी, यावर हे दोघे जमीनदार महिनाभर भांडत होते. दुसरं काम दोघांनाही नव्हतं. अखेर दोन्ही सेट एका ओसरीवर मांडले आणि मोहरमला ढोल वाजवणाऱ्या गफारला पंच नेमलं. गफार महारुद्ररावांच्या रानाचं कूळ होता.

बातम्या लागल्या. महारुद्ररावांनी खर्जाचं बटण असं पिळलं की शब्द गेले, नुसता घुमारा राहिला. बलभीमरावांचा सेट किरकिरा होता, पण स्वच्छ बोलत होता: कसत असलेली जमीन नावावर करून घेण्यासाठी कुळांनी सोमवारपर्यंत तालुक्याच्या कचेरीत अर्ज द्यावेत. दोघे मालक डोळे मिटून घुमारा तोलत होते.

“बोल गफार, कुणाचा भारी?”

“खर्ज तुमचाच, मालक. बलभीमरावांच्यात नुसते शब्दच हायेत.”

महारुद्ररावांची छाती फुगली. “माग, काय पायजे ते.”

“काय न्हाय, मालक. उद्या तालुक्याच्या कचेरीत जायाचं हुतं.”



“मग चालत कशाला जातूस? माझी बैलगाडी ने.”