साखरेची वही

सर्बियातल्या सोंबोर शहरात, आपल्या दातांच्या दवाखान्यात डॉ. नेवेनानं स्वेतोझारकाकांच्या हाडात रोवलेल्या दोन कृत्रिम दातांभोवतीची हिरडी तिसऱ्यांदा साफ केली. पुन्हा तीच सूज, पुन्हा पू. आता खालचं हाडही झिजायला लागलं होतं.

"काका, दात तुम्ही नीट घासता, सिगारेट ओढत नाही. मग साखरच वाढलेली असणार. ती चढलेली असली की इथली सूज हटत नाही."

काकांनी कोटाच्या खिशातून वही काढून दिली. रोज सकाळची साखर, सुबक अक्षरात लिहिलेली. एकही आकडा वावगा नव्हता.

नेवेना बुचकळ्यात पडली. तिनं त्यांचं बोट टोचून थेंब यंत्रावर घेतला. आकडा वहीतल्यापेक्षा तिप्पट आला. तिनं वही पुन्हा उघडली आणि या वेळी तारखा पाहिल्या.

"ही तर गेल्या वर्षीची आहे."

"हो."

"यंदा मोजलीच नाही?"

"रोज सकाळी माझी बायको ल्युबिंका माझं बोट धरायची, टोचायची, लिहून ठेवायची. जानेवारीत ती गेली."

नेवेनानं हातमोजे काढले. तिनं टेबलाच्या खणातून एक कोरी वही काढली. "असंच चाललं तर दोन्ही दात जातील, काका. उद्यापासून यात लिहा."

काकांनी वही उघडली आणि तिच्याकडे परत सरकवली.

"आजचा, पहिला आकडा तू लिही, पोरी. नव्या वहीत सुरुवातीलाच माझं अक्षर मला बघवणार नाही."